जॉर्ज विटेट यांची वास्तुरचना आणि प्रादेशिकतेचा प्रश्न

१

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, खोपोलीलगत, शिळफाटा आहे. (ठाणे जिल्ह्यात याच नावाचा दुसरा नाका आहे, येथे अभिप्रेत आहे तो रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातला.) या परिसरातून बोरघाटाचा काळा कडा समोर दिसतो, आणि मनुष्याने या कड्याशी केलेल्या व्यवहाराच्या दोन खुणा जवळच आढळतात. पहिली खूण म्हणजे नाना फडणविसांनी खोपोलीत बांधविलेले तळे व त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ. दुसरी खूण म्हणजे घाटाच्या उतारावरून खाली आलेले लोखंडी नळ व पायथ्याचे वीजगृह. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली आणून टाटा जलविद्युत कंपनीने १९१५ साली येथून मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यास आरंभ केला. पुढे १९२२ मध्ये शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरी येथे दुसरे वीजगृह सुरू झाले.

या दोन्ही कामांच्या बाबतीत एक गोष्ट समान आहे. ती करविणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी आहे; ती रचणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. उलट याच विजेच्या उद्योगाचे मुंबईकडील टोक पाहिले असता निराळी स्थिती आढळते. टाटा समूहाचे मुख्य कार्यालय असलेली 'बॉम्बे हाऊस' ही फोर्ट भागातील इमारत १९२४ साली पूर्ण झाली, आणि तिच्या रचनाकाराचे नाव मुंबईच्या वास्तुकलेविषयीच्या प्रत्येक पुस्तकात सापडते. ते नाव जॉर्ज विटेट यांचे. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि 'गेटवे ऑफ इंडिया' या दोन वास्तूंमुळे विटेट हे पश्चिम भारताचे 'प्रादेशिक' वास्तुविशारद म्हणून ओळखले जातात. त्यांनी या प्रदेशाचे स्थापत्य आत्मसात करून नव्या गरजांना लावले, असे सामान्यतः म्हटले जाते.

हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. 'प्रादेशिक' या विशेषणाचा अर्थ काय? प्रदेश कोणता? आणि वास्तूचे प्रादेशिकत्व तिच्या घुमट, कमान, जाळी आदि अवयवांवरून ठरवावयाचे की अन्य कशावरून? या प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून विटेट यांच्या कर्तृत्वाचे यथार्थ मूल्यमापन होणार नाही.

२

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडमधील ब्लेअर अ‍ॅथॉल येथे झाला. पर्थ येथे उमेदवारी करून व पुढे एडिंबरो आणि यॉर्क येथे काम करून ते १९०४ मध्ये मुंबईस आले. मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी आरंभ केला. बेग यांची हिंदुस्थान सरकारच्या तशाच पदावर नेमणूक झाल्यानंतर मुंबई इलाख्याचे पद विटेट यांच्याकडे आले. कालांतराने सरकारी सेवा सोडून ते टाटांच्या बांधकामविषयक उद्योगात गेले. १९२६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, मुंबईतच त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

म्हणजे मुंबईतील सारी कारकीर्द अवघ्या बावीस वर्षांची. या अवधीत चाळीसांहून अधिक महत्त्वाच्या इमारती त्यांच्या नावावर जमा आहेत. वस्तुसंग्रहालय व गेटवे यांखेरीज विज्ञान संस्था, तिच्या शेजारचे कावसजी जहांगीर सभागृह, धोबीतलावावरील लघुवाद न्यायालय, परळचे के. ई. एम. रुग्णालय व त्याला जोडलेले सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय, नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह, बॅलार्ड इस्टेटमधील कार्यालयांची रांग, बॉम्बे हाऊस, पुण्याच्या कृषि महाविद्यालयाची इमारत आणि कराचीच्या पोर्ट ट्रस्टचे कार्यालय एवढी नावे पुरेशी बोलकी आहेत.

एवढ्या विपुल निर्मितीचा विचार करताना एक सावधगिरी आवश्यक ठरते. सल्लागार वास्तुविशारद ही व्यक्ती होती, तशीच ती एक कचेरी होती. नकाशे काढणारे हात अनेक, मंजुरी देणारे अधिकारी अनेक, आणि दगड घडविणारे पाथरवट तर असंख्य. अशा निर्मितीत लेखकाच्या हस्ताक्षराचा शोध घ्यावा तसा 'विटेट शैली'चा शोध घेऊ गेल्यास निराशा पदरी येते, कारण इमारतींच्या बाह्यरूपात विलक्षण विविधता आहे. वस्तुसंग्रहालयाचा घुमट आणि बॉम्बे हाऊसचा दर्शनी भाग एकाच मनुष्याने कल्पिले, हे न सांगता कोणास ओळखता येणार नाही. ही विविधता म्हणजे निश्चयाचा अभाव, की तिच्यामागे काही नियम आहे, हा या कारकीर्दीतील पहिला गंभीर प्रश्न होय.

३

वस्तुसंग्रहालय व गेटवे यांच्या शैलीस 'इंडो-सारसेनिक' असे नाव देण्याचा प्रघात आहे. हा शब्दच प्रथम पारखून घेतला पाहिजे. 'सारसेन' हा मध्ययुगीन युरोपाने अरबांना व पुढे सरसकट मुसलमानांना लावलेला शब्द आहे. अहमदाबादच्या मशिदी बांधणाऱ्याने किंवा विजापूरच्या पाथरवटाने तो कधी ऐकला नसेल. तेव्हा या संज्ञेत प्रदेशाचा निर्देश नाही, बांधणाऱ्याचा नाही आणि काळाचाही नाही. निर्देश आहे तो पाहणाऱ्याच्या दृष्टीचा. मराठीत या संज्ञेला सर्वमान्य प्रतिशब्द रुळला नाही, हे केवळ परिभाषेचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. ज्या वर्गीकरणाला वस्तूत आधार नसतो त्याला दुसऱ्या भाषेत जागा सापडणे कठीण जाते.

विटेट यांच्या पिढीपुढे जे आकारभांडार होते ते कसे सिद्ध झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. १८६६ साली पश्चिम भारतातील स्थापत्यावर तीन मोठे सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. एक अहमदाबादवर, दुसरा विजापूरवर आणि तिसरा धारवाड व म्हैसूर यांवर. जेम्स फर्ग्युसन यांचे विवेचन या तिन्ही ग्रंथांत आहे. शब्दकोशात जो शब्द येतो तोच शिष्टसंमत मानला जातो. आकारांच्या बाबतीतही तसेच घडते. या ग्रंथमालेत महाराष्ट्राच्या मध्यभूमीला स्थान नव्हते. पेशवाईतील वाड्याला, घाटावरील चौसोपी घराला, कोकणातील उतरत्या छपराच्या व लांब वळचणीच्या घराला या कोशात नोंद मिळाली नाही. कर्जतहून मुंबईस जाताना वाटेत अंबरनाथ लागते. तेथे शके ९८२ मध्ये, म्हणजे १०६० साली, शिलाहारांच्या राजवटीत उभारलेले शिवमंदिर आहे. मुंबईच्या इतक्या निकट असलेल्या या पाषाणशिल्पाचा पडसाद विटेट यांच्या कोणत्याही प्रसिद्ध वास्तूत उमटलेला नाही.

मग विटेट यांचा 'प्रदेश' कोणता? त्याचे उत्तर शासकीय आहे. तो मुंबई इलाखा. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या या इलाख्यात अहमदाबाद होते, विजापूर होते आणि कराचीही होती. पुढे सिंध १९३६ मध्ये वेगळा झाला. विजापूर १९५६ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. १९६० मध्ये गुजरात व महाराष्ट्र ही दोन राज्ये झाली. परिणामी ज्या अर्थाने गेटवेची शैली १९१४ साली 'आपल्या प्रदेशाची' होती, त्या अर्थाने ती आज राहिलेली नाही. इमारत जागच्या जागी आहे. तिच्याखालून प्रदेश सरकला आहे. वस्तुसंग्रहालयाच्या घुमटास गोवळकोंड्याचे उदाहरण समोर होते असे सांगतात, आणि गोवळकोंडा तर इलाख्यातही नव्हता, निजामाच्या राज्यात होता. यावरून इलाख्याची सीमादेखील काटेकोरपणे पाळली गेली नव्हती हे उघड आहे. शासनाच्या सोयीने आखलेल्या सीमा आणि बोलींच्या सीमा एकरूप नसतात, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. वास्तूंच्या बाबतीत मात्र हा भेद विसरला जातो.

४

वस्तुसंग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन युवराजांच्या हस्ते बसविली गेली. १९०९ मध्ये खुल्या स्पर्धेतून विटेट यांचा आराखडा निवडला गेला आणि १९१४ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. महायुद्धाच्या काळात इमारतीचा लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग झाला, आणि ती संग्रहालय म्हणून १९२२ मध्ये खुली झाली. १९९८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

या वास्तूत कुर्ल्याचा निळसर आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला आहे. मध्यभागी उंच बैठकीवर घुमट, त्याच्याभोवती लहान घुमट्यांचे शिखरसमूह, आणि दोन्ही अंगांस लांब पंख अशी तिची मांडणी आहे. आतील कमानींच्या गुंफणीस विजापूरच्या गोलघुमटाचा आधार आहे. पुढे आलेले सज्जे उत्तरेकडील राजवाड्यांची आठवण करून देतात. एवढ्यावरून पाहता ही वास्तू निरनिराळ्या ठिकाणच्या अवतरणांचा संग्रह आहे असा आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला जातोही.

तथापि मध्यवर्ती दालनात शिरल्यावर या आक्षेपाला छेद देणारी एक गोष्ट दृष्टीस पडते. नाशिकच्या एका वाड्यातील कोरीव लाकडी खांब, कठडे व सज्जा विकत आणून ते या दालनात बसविले आहेत. महाराष्ट्राच्या मध्यभूमीचे स्थापत्य विटेट यांच्या रचनेत प्रत्यक्षपणे येते ते येथे. आणि ते कसे येते? अनुकृती म्हणून येत नाही; मूळ वस्तू म्हणून येते. घुमटाचे रूप विजापूरकडून घेतले, पण ते दगडात नव्याने घडविले. वाडा मात्र जसाच्या तसा उचलून आणला.

मराठी व्याकरणात तत्सम आणि तद्भव असा शब्दांचा भेद केला जातो. जो शब्द मूळ रूपात घेतला तो तत्सम. जो बोलणाऱ्यांच्या मुखात बदलत बदलत आला तो तद्भव. हा भेद येथे लावून पाहण्याजोगा आहे. नाशिकचा वाडा या इमारतीत तत्सम आहे. त्याचा सन्मान झाला, त्याला छत मिळाले, पण त्याला मूल झाले नाही. त्या खांबांपासून विटेट यांनी दुसरा खांब निर्माण केला नाही. एका अर्थी तो त्या दालनातील पहिले प्रदर्शनीय वस्तूच आहे. विजापूरचा घुमट मात्र तद्भव झाला. उंच बैठक, लहान घुमट्यांचा परिवार आणि मालाडच्या दगडाचा सपाट, रुंद पृष्ठभाग यांमुळे तो विजापूरचा राहिला नाही व गोवळकोंड्याचाही राहिला नाही.

याच कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहात कोरणाऱ्यांनी लाकडी बांधकामाचे आकार कातळात उतरविले. लाकडाच्या फासळ्या, तुळया आणि सज्जे यांची दगडात काही गरज नव्हती; पण दगडात उतरताना त्यांचे रूप पालटले आणि त्यांतून कातळाची स्वतःची भाषा निर्माण झाली. लाकूड ते कातळ हा प्रवास कोंडाण्यास तद्भव रीतीने घडला. दोन सहस्र वर्षांनंतर मुंबईच्या संग्रहालयात लाकूड दगडाच्या कुशीत आले, पण लाकूडच राहिले. या तुलनेत विटेट यांची मर्यादा आणि त्यांचा विवेक ही दोन्ही दिसून येतात. जे आपल्यास पुरते समजले नाही त्याची नक्कल न करता ते आदराने जसेच्या तसे ठेवावे, हा विवेक सर्वच वसाहतकालीन वास्तुविशारदांनी दाखविला नाही.

५

गेटवेचा विचार यापेक्षा अवघड आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज मुंबईस उतरले त्याच्या स्मरणार्थ ही वास्तू योजली गेली. कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसली. आराखडा १९१४ मध्ये संमत झाला. भराव, समुद्राची भिंत व पाया यांचे काम १९२० पर्यंत चालले. आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी तिचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे २१ लक्ष रुपये झाला. उंची २६ मीटर आणि मधल्या घुमटाचा व्यास सुमारे १५ मीटर आहे. शैली सोळाव्या शतकातील गुजरातची. शरीर पिवळसर बेसाल्ट व प्रबलित काँक्रीट यांचे. जाळ्या मात्र ग्वाल्हेरहून आणलेल्या.

ही शेवटची गोष्ट विशेष लक्षणीय आहे. गुजरातच्या सुलतानांच्या काळातील जाळीचे सौंदर्य तिच्या नाजूकपणात आहे. सह्याद्रीच्या जातकुळीचा दगड असे काम सहजासहजी देत नाही. तो कठीण आहे व त्यावर छिन्नी जपून चालवावी लागते. म्हणून जाळी बाहेरून आणावी लागली आणि उरलेल्या अंगात गुजरातचे आकार ठळक, जाड, कमी नक्षीचे झाले. टीकाकारांनी या जाडपणास मूळ शैलीचा ऱ्हास म्हटले तर त्यांचे सर्वस्वी चुकले असे म्हणता येणार नाही. परंतु 'स्टेशन' या शब्दाचे ग्रामीण मराठीत 'ठेसन' होते तेव्हा त्यास कोणी केवळ ऱ्हास म्हणत नाही. बोलणाऱ्याच्या जिभेने तो शब्द आपलासा केला असे म्हणतात. गेटवेच्या बाबतीत ती जीभ म्हणजे मालाड भागातील दगड व तो घडविणारे पाथरवट होत. त्यांच्या उच्चाराने गुजरातची कमान मुंबईची झाली.

या वास्तूचा खरा दोष निराळ्या ठिकाणी आहे. तिच्याकडे येणारा भव्य मार्ग द्रव्याभावी कधीच झाला नाही. परिणामी आज तिच्याकडे येणारा रस्ता तिला कोनात भेटतो आणि वास्तू समुद्राकडे तोंड करून एकटी उभी आहे. प्रवेशद्वारास मागे प्रवेशावयाचे काही असावे लागते. वाक्याचा आरंभ झाला व ते अपुरे राहिले, अशी ही अवस्था आहे. तिच्या अर्थाची पूर्तता इतिहासाने केली ती उलट्या दिशेने: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. ज्या स्वागतासाठी ती उभारली त्यापेक्षा या निरोपामुळे ती भारतीयांच्या स्मरणात अधिक राहिली.

६

आता विविधतेमागील नियमाचा प्रश्न पाहता येईल. वर दिलेल्या इमारती त्यांच्या शैलीनुसार लावल्या असता एक क्रम स्पष्ट होतो. भूतकाळाचे जतन करणारे संग्रहालय आणि राजाच्या आगमनाचा सोहळा सांगणारी कमान या दोहोंसाठी विटेट यांनी भारतीय आकार योजले. विज्ञान संस्था, बॅलार्ड इस्टेट व बॉम्बे हाऊस, म्हणजे विज्ञान, बंदर व व्यापार यांसाठी मात्र त्यांनी युरोपीय प्रबोधनकाळाचे आकार घेतले. हे सर्व काम एकाच सुमारास चालू होते. संग्रहालय १९१४ मध्ये संपले. विज्ञान संस्थेचे बांधकाम १९११ ते १९२० या काळातील. बॅलार्ड इस्टेट त्याच दशकातील. तेव्हा शैलीतील हा भेद कालानुक्रमाने झालेल्या विकासाचा नव्हे.

भाषेत अशी स्थिती अपरिचित नाही. एकच मनुष्य धर्मकृत्यात एका भाषेचा, कचेरीत दुसरीचा व घरात तिसरीचा उपयोग करतो. प्रत्येक भाषेला तिचे कार्यक्षेत्र नेमून दिलेले असते, आणि या नेमणुकीत समाजाने त्या भाषांना दिलेली प्रतिष्ठा प्रकट होते. विटेट यांच्या वास्तूंतील कार्यविभागणी त्या दृष्टीने पाहिली की तिच्यातील गृहीत उघडे पडते. भारतीय आकार हे स्मृतीला व समारंभाला शोभतात. प्रयोगशाळेला व व्यापारी पेढीला शोभतात ते युरोपीय. भारताकडे भूतकाळ आहे, भविष्यकाळ युरोपाकडे आहे, असे हे गृहीत आहे. ते विटेट यांनी निर्माण केले नाही. त्यांच्या पदाबरोबर ते त्यांना मिळाले. पण त्यांनी त्याचा प्रतिवादही केला नाही.

या नियमाला अपवाद आहेत व ते दडविण्याचे कारण नाही. बेग यांनी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीसाठी, म्हणजे अगदी आधुनिक व्यवहारासाठी, विजापूरचा घुमट योजला होता. ती इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या कामात विटेट यांचा सहभाग होता. कराचीच्या पोर्ट ट्रस्टचे १९१६ मधील कार्यालयही मिश्र रूपाचे आहे. ते कोणत्याही एका रकान्यात बसत नाही. तेव्हा वरील विभागणी ही अभंग नियम नसून प्रवृत्ती आहे. तथापि प्रवृत्तीही अर्थपूर्ण असते. बॉम्बे हाऊसच्या उदाहरणात तर ती अधिकच बोलकी आहे. ज्या उद्योगाने सह्याद्रीचे पाणी खोपोलीस उतरवून त्याची वीज केली, जो भारतीय भांडवलाने उभा राहिला, त्याच्या मुख्य कार्यालयाला धनी भारतीय असतानाही भारतीय रूप द्यावेसे वाटले नाही. आधुनिक दिसणे म्हणजे युरोपीय दिसणे, ही समजूत केवळ राज्यकर्त्यांपुरती राहिलेली नव्हती.

७

एवढ्यावर थांबल्यास निष्कर्ष असा निघेल की विटेट यांची प्रादेशिकता ही प्रसंगाची भाषा होती. अंगवळणी पडलेली नव्हती. हा निष्कर्ष अर्धसत्य आहे. आकारांचे वर्गीकरण बाजूस ठेवून, दोन्ही वर्गांतील इमारतींत समान काय आहे असा प्रश्न केला तर दुसरी बाजू दिसू लागते.

पहिली समान गोष्ट दगड. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या गॉथिक इमारतींत कोरीव कामासाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक मोठ्या प्रमाणात आणला जाई. विटेट यांच्या प्रमुख इमारतींचे अंग स्थानिक दगडाचे आहे. संग्रहालयात कुर्ला व मालाड, विज्ञान संस्थेत मालाडजवळील खारोडीचा पिवळा दगड, बॉम्बे हाऊसमध्ये मालाडचा दगड. कठीण दगडाने कोरीव कामाला मर्यादा घातली आणि रुंद भिंत, खोल सावली व ठळक कंगोरे यांना प्राधान्य दिले. विजापूरचा घुमट असो वा रोमचा स्तंभ, या दगडातून जाताना दोहोंचे बोलणे सारखे होते. शिळफाट्यावरून जो कडा दिसतो त्याच्याच जातकुळीचा हा पाषाण. विटेट यांच्या वास्तूंत मराठी भूमी कोठे आहे असे विचारल्यास पहिले उत्तर येथे मिळते. ती आकारात नाही, द्रव्यात आहे.

दुसरी समान गोष्ट पाऊस व ऊन यांच्याशी केलेली तडजोड. परळच्या रुग्णालयाची रचना या दृष्टीने पाहावी. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात घुमटाचा वा जाळीचा सोहळा नाही, आणि म्हणून शैलीच्या इतिहासात त्याला क्वचितच जागा मिळते. पण त्याच्या लांब बाजू आणि व्हरांडे ज्या कामासाठी आहेत तेच काम कोकणातील घराची पडवी करते. पावसाची झड भिंतीपर्यंत येऊ न देणे, वाऱ्याला आरपार वाट देणे, आणि आत व बाहेर यांच्या दरम्यान बसण्या-उठण्याची सावलीची जागा ठेवणे हे ते काम. रुग्णाच्या नातलगांनी तो व्हरांडा आपली ओसरी म्हणून वापरला, व त्यांस तो वापरण्याची रीत कोणी शिकवावी लागली नाही. पडवीचा आकार विटेट यांनी घेतला नसेल. तिचे प्रयोजन त्यांच्या रचनेत आले. शब्द परका असला तरी वाक्यरचना ऐकणाऱ्याच्या ओळखीची होती.

या कसोटीने त्यांच्या वास्तूंचा क्रम प्रचलित क्रमाहून वेगळा लागतो. संग्रहालय वरच्या स्थानी राहते, पण त्याचे कारण घुमट हे नसून दगड, सावली व मांडणी यांची सांगड हे आहे. रुग्णालये वर चढतात. गेटवे मध्यम स्थानी येते. आणि बॅलार्ड इस्टेट खाली उतरते. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीचा भराव घालून मिळविलेल्या सुमारे २२ एकर जागेवर विटेट यांनी इमारतींची उंची व दर्शनी रूप यांचा कटाक्षाने मेळ घातला. शिस्त म्हणून ती योजना अभ्यसनीय आहे. मात्र त्या रस्त्यांवरून जाताना आपण कोणत्या अक्षांशावर आहोत याची खूण इमारती क्वचितच देतात. येथे तद्भवाची प्रक्रिया सुरूच झाली नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. १९१७ मध्ये मुंबईत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली तेव्हा तिचे अध्यक्षपद विटेट यांच्याकडे होते. हीच संघटना विकसित होऊन १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' ही अखिल भारतीय संस्था झाली. ज्यांना आजवर नकाशे उतरवून घेण्यापुरते स्थान होते त्यांना स्वतः रचना करण्याचा अधिकार मिळण्याची ती सुरुवात होती. विपुल बांधणाऱ्या वास्तुविशारदाच्या नावामागे जे हात अदृश्य राहतात त्यांतील काहींना तरी पुढे स्वतःचे नाव मिळाले.

८

या पुढल्या पिढीकडे पाहिले असता विटेट यांच्या वारशाचा निकाल लागतो. गजानन बाबुराव म्हात्रे (१९०२–१९७३) हे त्या पिढीतील विपुल बांधणारे मराठी वास्तुविशारद. मरीन ड्राइव्हवरील १९३७ मधील सूना महाल ही त्यांची प्रसिद्ध रचना. म्हात्रे यांच्या काळातील निवासी इमारतींत घुमट नाही, जाळी नाही, विजापूर नाही आणि अहमदाबादही नाही. समारंभाची भाषा त्यांनी सोडून दिली. पण खिडकीवरचा छज्जा, वाऱ्याच्या दिशेने उघडणारा सज्जा आणि कोपऱ्याचा गोलावा यांतून हवामानाची वाक्यरचना त्यांनी पुढे नेली. आकार टाकून प्रयोजन राखले, असे हे स्थित्यंतर आहे. विटेट यांच्या कामातील टिकाऊ अंश कोणता होता, याचा हा पुरावा मानता येईल.

२०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्या नामाभिधानात दोन शैलींची नावे आहेत आणि विटेट यांचा काळ नेमका या दोहोंच्या मधला. शैलीच्या नावाने विचार करणाऱ्या इतिहासात जो काळ नावात बसत नाही तो दुव्याप्रमाणे वापरला जातो व विसरला जातो. अभ्यासकांपुढे काम आहे ते या दुव्याचे स्वतंत्र परीक्षण करण्याचे. आणि त्यासाठी मराठीत पाथरवटांची, सुतारांची व गवंड्यांची जी परिभाषा अद्याप बोलीत शिल्लक आहे ती नोंदविणे ही पहिली पायरी होय. 'इंडो-सारसेनिक' या शब्दाने जे दिसत नाही ते 'पडवी', 'वळचण', 'सज्जा' व 'घडीव' या शब्दांनी दिसू लागते.

विटेट यांना 'प्रादेशिक' म्हणावे काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकेरी होकार वा नकार देता येत नाही. घुमट व कमानी यांच्या आधारे त्यांना प्रादेशिक म्हणणाऱ्यांनी प्रदेशाची इलाख्याशी गल्लत केली आहे. ते केवळ परक्या सत्तेचे नोकर होते म्हणून त्यांना प्रादेशिकत्व नाकारणाऱ्यांनी दगडाकडे आणि व्हरांड्याकडे पाहिलेले नाही. त्यांच्या वास्तू प्रादेशिक झाल्या त्या जेथे त्यांनी प्रदेशाची चित्रे काढली तेथे नव्हे. प्रदेशाने जेथे त्यांना अडविले, कठीण दगडाने, तिरप्या पावसाने, माणसांच्या बसण्या-उठण्याने अडविले, आणि त्यांनी ती अडवणूक मान्य केली, तेथे. खोपोलीचे तळे बांधणाऱ्या अनामिक गवंड्यांपुढेही हाच पाऊस होता आणि हाच कातळ. त्यांच्या रांगेत विटेट यांना बसविणे हा त्यांचा अवमान ठरू नये. एखाद्या वास्तुविशारदास हा प्रदेश देऊ शकेल असा तो सर्वांत विचारपूर्वक मान होय.